पंचविसावा रिपोर्ट

हॉस्पिटलात मला कुलूपबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, तेवढी कुणाची छाती नाही. पण मी व्हरांड्यातून चालायला लागले की मागून कुणीतरी पुटपुटतंच, आणि माझे कान अजून शाबूत आहेत. म्हणू देत. बत्तीस हजार किट एका कुलपामागे सांभाळणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार?

माझं गोदाम हॉस्पिटलच्या आवारात मागच्या अंगाला, धुलाई विभागाला खेटून आहे. साथ आली तर तपासणीच्या किटचा तुटवडा पडू नये म्हणून सरकारने कायदा करून हा राखीव साठा ठेवलाय, आणि मी त्याची भांडारपाल. लोखंडी दार, दाराला सील, सीलवर माझी सही. दाराच्या अलीकडे माझं टेबल, एक फोन, एक कपाट आणि बाहेरच्या लोकांशी बोलायला हातभर खिडकी. वय सत्तावन्न. राग नाकावर. कायदा झाल्यापासून सात वर्षांत एक खोकं इकडचं तिकडे झालेलं नाही.

तो कायदा कसा झाला ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या साथीत गोदाम होतं, पण कायदा नव्हता. त्यामुळे फोन यायचे. अमक्या साहेबांच्या बंगल्यावर पन्नास पाठवा, तमक्यांच्या ऑफिसात शंभर. मी साधी कारकून, नाही म्हणणार कुणाच्या जोरावर? आठ दिवसांत गोदामाला झाडू मारायची वेळ आली. नवव्या दिवशी माझ्या नवऱ्याला ताप भरला. आणि जिच्या कमरेला किल्ली, तिच्या घरात एक किट नाही! त्यांना काय झालंय हे ठरायच्या आतच ते गेले.

पुढे चौकशी समिती बसली. मलाही बोलावलं. मी तिथे जे तोंड सोडलं, ते लिहून घेणाऱ्याचा हात दुखला असेल. समितीतले लोक म्हणाले, "साथीच्या तापाचे दहा पक्के रिपोर्ट आले की साठा उघडायचा असं ठेवू या." मी म्हटलं, "दहा? दहा तर कुणीही चहा पिता पिता बनवून आणेल. पंचवीस करा. आणि हुकमावर एकाची सही नको, दोघांची ठेवा. एकाला गाठून काम व्हायला नको. आणि हुकमाआधी कुणी सील तोडलं, तर त्या किटचा एकही रिपोर्ट धरायचा नाही." तिन्ही गोष्टी त्यांनी जशाच्या तशा घेतल्या. कायदा छापून आला तेव्हा ते कलम मी घरी मोठ्याने वाचून काढलं, दोनदा. वाटलं, चला, निदान आता कुणाचं असं व्हायचं नाही.

तर बुधवारची गोष्ट. सकाळी साडेनऊला माझी सून खिडकीशी आली. ती याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. पंधरा दिवसांपासून तापाची साथ सुरू झाली होती आणि लॅबकडची नेहमीची किट भराभर संपत होती, हे मला माहीत होतं.

"आई, चोवीस झाले," ती म्हणाली.

"मग पंचविसावा कर आणि कळव. मी इथेच बसलेय."

"एकच किट उरलंय."

मी पेन खाली ठेवलं. "नवी कधी येणार?"

"नऊ दिवसांनी. सगळीकडून मागणी आहे म्हणे. बाकीच्या हॉस्पिटलांतही ठणठणाट आहे, मी विचारलं सगळीकडे. फ्रिजमध्ये एक्केचाळीस जणांचे नमुने पडलेत. त्यातला एक उचलायचा, ते किट लावायचं. 'आहे' आला तर पंचवीस होतात, दार उघडतं, सगळ्यांची तपासणी होते. 'नाही' आला, तर नऊ दिवस आपण एकमेकींची तोंडं बघत बसायचं."

"मग ज्याला ताप जास्त त्याचा लाव."

"ताप सगळ्यांनाच आहे, आई. साधा कुठला आणि साथीचा कुठला, ते वरून कळतंय का?" मग म्हणाली, "एक्केचाळिसांत मावशीपण आहेत."

मावशी म्हणजे माझी धाकटी बहीण. घरात तिला बारकी म्हणतात. लहानपणी काटकीसारखी होती म्हणून नाव पडलं, आता वजनकाट्यावर उभी राहिली की काटाच घाबरतो, पण नाव बारकीच. याच हॉस्पिटलात ती तापाच्या वॉर्डात नर्स. माझा नवरा गेला तेव्हा ती आपलं बिऱ्हाड सोडून माझ्याकडे राहायला आली ती आलीच. सोमवारी सकाळी नऊला ड्यूटीवर असतानाच तिला ताप आला. स्वतःच स्वतःच्या कागदावर वेळ लिहून ती स्वतःच्याच वॉर्डात आडवी झाली.

या तापावर औषध आहे. पण ते पहिल्या तीन दिवसांतच लागू पडतं, आणि पक्का रिपोर्ट असल्याशिवाय मिळत नाही. मागच्या वेळी नुसत्या संशयावर वाटून संपलं होतं, म्हणून तेही याच कायद्यात घातलंय. सोमवार सकाळचे नऊ, म्हणजे गुरुवार सकाळचे नऊ. म्हणजे पुरता एक दिवसही हातात नव्हता.

मी मुख्यालयातल्या अधिकाऱ्याला फोन लावला. माणूस तसा बरा आहे, पण पोपटासारखा कलमं म्हणतो. मी सगळं सांगितलं. म्हटलं, "साहेब, किट नाहीत म्हणून रिपोर्ट होत नाहीत, आणि रिपोर्ट नाहीत म्हणून किट मिळत नाहीत. हे काय चाललंय?"

"बाई, तुमचं म्हणणं पटतं मला. पण पंचवीस म्हणजे पंचवीस."

"अहो, चोवीस आणि पंचविसात काय डोंगर आहे का?"

"हाच प्रश्न समितीत कुणीतरी विचारला होता," तो म्हणाला. "त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर माझ्यासमोर फायलीत आहे. वाचून दाखवू?"

मी फोन ठेवला. आपटलाच म्हणा.

ठेवला तसा परत वाजला. मला वाटलं त्याचं मन पाघळलं. तो नव्हता. एका बड्या माणसाचा सचिव होता. आवाजात नुसतं तूप. "दोनशे किट बाजूला काढून ठेवा, संध्याकाळी गाडी पाठवतो." मागच्या साथीत हाच आवाज होता की दुसरा, देव जाणे, सगळ्यांचं तूप सारखंच. पण या वेळी मी म्हटलं, "पंचविसावा रिपोर्ट आणि दोन सह्यांचा हुकूम घेऊन या, दोनशे काय, दोन हजार न्या"—

नाही, असं नीट वाक्य तरी कुठे झालं माझं! रागाने जीभच वळेना. पण नाही म्हणता आलं, आणि पलीकडून फोन मुकाट ठेवला गेला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. ज्या कलमाने मला कोंडलं होतं, त्याच कलमाने त्यालाही बाहेर ठेवलं होतं. मग दाराकडे बघितलं. लोखंडाला काय, आतला कोण आणि बाहेरचा कोण.

आता माझा मूर्खपणा सांगते, कारण तो दुसऱ्या कुणाच्या हातून झालाच नसता. कायद्यात एक पळवाट आहे. मुदत संपायला महिनाही उरला नसेल, अशी किट हुकमाशिवाय हॉस्पिटलला देऊन टाकता येतात, वाया जाऊ नयेत म्हणून. कुठल्याही आळशी भांडारपालाकडे अशी शे-दोनशे किट कोपऱ्यात सापडतील. माझ्याकडे एक नाही! माझ्या गोदामात शिळं काही राहू द्यायचं नाही, ही माझी खोड. दोन महिने उरले की मुख्यालयाच्या माणसासमोर सील काढून लॉट कंपनीला परत, बदली ताजा लॉट घ्यायचा. असाच दोनशेचा लॉट मी सहा आठवड्यांपूर्वी परत पाठवला होता. त्याच्या बदलीचा माल नऊ दिवसांनी त्याच ट्रकमधून येणार होता. जरा आळस केला असता, एखादा महिना पाय पसरून बसले असते, तर ती दोनशे किट आज मी हसत सुनेच्या हातात दिली असती. चोख कामाबद्दल मला प्रमाणपत्र मिळालंय, ते टेबलामागे लावलंय. त्या दिवशी ते उतरवून कपाटात कोंबावंसं वाटलं.

आणि कपाट म्हणताच डोक्यात उजेड पडला.

त्या कपाटात पाच किट होती. साठा चालू अवस्थेत आहे की नाही हे बघायला दर सहा महिन्यांनी पाच किट वापरून बघायची असतात. त्यासाठी उगाच सील तोडायला नको म्हणून मीच ती लॉट बदलतानाच बाहेर काढून ठेवते. त्यांचा निकाल रिपोर्ट म्हणून धरत नाहीत, फक्त 'किट चालतं' एवढंच लिहायचं. पडताळणीची तारीख पुढच्या महिन्यात होती, पण लवकर करू नये असं कुठे लिहिलंय?

सुनेला परत बोलावलं. तिला सांगायलाही लागलं नाही. कपाट उघडलेलं बघून तिचे डोळे चमकले. "या पाचांवर आधी बघून घ्यायचं कोण पक्कं आहे, आणि आपलं कायद्याचं किट त्यालाच लावायचं! आई, तुम्ही पण ना!"

"बडबड नको. पाच नमुने आण. कुणाचे आणायचे ते डॉक्टरांना विचार."

ती गेली, आणि मी मागून हाक मारली. "चार डॉक्टरांच्या मनाने. एक बारकीचा."

सात वर्षांत मी कुणासाठी एक शब्द टाकला नव्हता. तो टाकताना मला लाज वाटली नाही, खोटं कशाला बोलू.

पाऊण तासाने ती पाच पट्ट्या ट्रेमध्ये घेऊन आली. एक रेघ उमटली तर ताप साधा, दोन उमटल्या तर साथीचा. तीन पट्ट्यांवर एकेकच रेघ होती. चौथीवर दोन, ठसठशीत, चष्म्याशिवाय दिसाव्यात अशा. ती पट्टी कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या काकूंची. पाचवीवर एक रेघ पक्की आणि दुसरी नुसती चाहूल. उजेडाकडे धरली तर दिसायची, सरळ धरली तर नाहीशी व्हायची. ती बारकीची.

"आहे का गं?" मी विचारलं.

"आहे. मला दिसतेय. पण अशी पुसट आली तर रिपोर्टात 'अनिश्चित' लिहावं लागतं आणि दुसऱ्या किटवर परत करावं लागतं. दुसरं किट आपल्याकडे नाही." ती माझ्याकडे बघत नव्हती. "काकूंचं लावलं तर शंभर टक्के पंचवीस होतात. मावशींचं लावलं आणि परत पुसटच आलं, तर चोवीसच राहतात, आणि बाकीचे चाळीसही अडकतात. पण ठळक आलं तर मावशींना आत्ता औषध. आणि दारही उघडतं."

"काकूंना ताप कधीपासून?"

"काल दुपारपासून. त्यांच्याकडे अजून वेळ आहे."

म्हणजे घोडं नेमकं इथेच अडलं. मी मुख्यालयात परत फोन केला. "साहेब, समजा आत्ता पंचविसावा आला, तर हुकूम किती वाजता हातात पडेल?" तो म्हणाला, "संध्याकाळी सहापर्यंत. कागद तयारच आहेत, फक्त सह्या." मी सुनेला म्हटलं, "सहाला दार उघडतं. सात वाजता बारकीची तपासणी, आठला औषध. तेरा तास हातात ठेवून. काकूंचं लाव."

"आई, हुकूम वेळेवर येईल कशावरून?"

"येईल. तो कायदा माझ्या तोंडचा आहे."

हे वाक्य मी बोलले. अजूनही माझ्या कानात वाजतं.

काकूंचा रिपोर्ट एक वाजता आला. ठसठशीत. पंचवीस. सुनेने तो तिथल्या तिथे मुख्यालयाला पाठवला आणि काकूंना औषध सुरू झालं. मी तापाच्या वॉर्डाशी गेले. आत सोडत नाहीत, मोठ्या काचेतून बघायचं आणि आतल्या फोनवर बोलायचं. बारकी उशीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, पण मला बघून लगेच दात काढले.

"कुलूपबाई, किल्ली हरवली का? इकडे कशी?"

"गप गं. पाणी पितेस का?"

"पितेय. माझा नंबर कितवा आहे?"

"अडतिसावा."

"मग आज काही लागत नाही," ती म्हणाली आणि हसली. "रांग मोडू नकोस हं माझ्यासाठी. लोक नावं ठेवतील तुला." ट्रेमधली ती पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती. सांगावं का, असं मनात आलं. म्हटलं, कशाला जिवाला घोर लावायचा, संध्याकाळी सुटेलच सगळं. नाही सांगितलं.

सहा वाजले, हुकूम नाही. सव्वासहाला फोन केला. अधिकारी म्हणाला, "एक सही झालीय. दुसऱ्या साहेबांचं विमान उशिरा सुटलंय. ते उतरले की लगेच."

"अहो, एका सहीवर द्या!"

या वेळी त्याला फाईल वाचून दाखवायची गरज नव्हती. दोन सह्यांचं कुणी मागितलं होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी सीलसमोर उभी राहिले. कात्री टेबलावर होती. एकदा दाबायची, बस. तुरुंगात घालतील म्हणून भ्यायले नव्हते मी, सत्तावन्नाव्या वर्षी तुरुंग काय आणि हे गोदाम काय. पण तोडलेल्या सीलमागचा रिपोर्ट धरत नाहीत. औषध मिळालंच नसतं, आणि बत्तीस हजार किट मातीमोल झाली असती. सगळ्या वाटा मीच बुजवल्या होत्या, आणि इतक्या मन लावून, की मुंगीला शिरायला फट ठेवली नव्हती. मी त्या लोखंडी दाराला लाथ घातली. पायाचा अंगठा सुजला, एवढंच झालं.

हुकूम गुरुवारी सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी आला. दोन सह्या, दोन शिक्के. मी सील कापलं आणि पहिलं किट स्वतः धावत लॅबमध्ये नेलं. बारकीच्या दोन रेघा आल्या. आता दोन्ही सारख्याच ठळक होत्या. डॉक्टरांनी वेळ उलटून गेलेली असतानाही औषध दिलं, स्वतःच्या सहीवर. पण उशीर तो उशीरच.

शनिवारी तिला धाप लागायला लागली. काचेपलीकडून तिने मला फोन उचलायची खूण केली.

"ताई, बुधवारच्या त्या पाचांत माझा नमुना होता?"

सुनेच्या पोटात राहिलं नसणार. मी मान हलवली.

"म्हणजे तुला बुधवारीच माहीत होतं. तू इथे उभी होतीस तेव्हा."

"हो."

धाप आवरत तिने विचारलं, "काकू कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. उद्या घरी सोडतील."

"मीही काकूंचाच लाव म्हटलं असतं," बारकी म्हणाली. "देवाशप्पथ. पण मला विचारायचंस ना गं. मी काय परकी होते?"

मी काचेला हात लावला. तिनेही पलीकडून लावला, पण रिसीव्हर ठेवून दिला.

ती पुढच्या शुक्रवारी गेली. नववा दिवस. दुपारी कंपनीचा ट्रक आला. मीच उतरवून घेतला, दुसरं कोण घेणार? खोकी मोजली, बदलीची दोनशे किट वेगळी लावली, सही केली.

महिन्याभराने मुख्यालयातून फोन आला. तोच अधिकारी. आवाज या वेळी मऊ होता. "बाई, समिती परत बसतेय. आपला साठा वेळेत उघडल्याने चौतीस जण वाचले, हे तुमच्या तोंडून ऐकायचंय त्यांना. आणि कायद्यात दुरुस्ती करायचीय. पंचविसाचं किती करू या? तुम्ही सांगाल तो आकडा ठेवू म्हणतायत."

मी विचार केला. दहा म्हटलं, तर तुपाच्या आवाजाचे फोन परत सुरू. पंचवीस म्हटलं, तर बारकी. कुठलाही आकडा घ्या, त्याच्या एका बाजूला माझा नवरा आणि दुसऱ्या बाजूला माझी बहीण.

"आकड्याचं तुम्ही बघा," मी म्हटलं. "मला एकच ओळ घालून द्या. ज्याला मागे ठेवायचंय, त्याला आधी विचारायचं."

पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला.

"बाई, हे कायद्यात कसं लिहिणार?" त्याने विचारलं.

तो खरंच विचारत होता, टोमणा नव्हता. मला ते सांगता आलं नाही.